घानातली वीज गेली म्हणून

नमस्कार, श्रोतेहो. सांगलीच्या मार्केट यार्डातली हळदीची अडत असो की घरचा कॉम्प्युटर, रॅन्समवेअर शिरलं की फायली दिसतात, पण उघडत नाहीत. उधारी, बिलं, लग्नाचे फोटो, सगळ्याला कुलूप. किल्लीचे पैसे मागतात.

किस्सा ऐका. २७ जून २०१७. डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीत नॉटपेट्या नावाचा व्हायरस शिरला, युक्रेनमधल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. आपली द्राक्षं जिथून बोटीवर चढतात, त्या न्हावा शेव्यातलं त्यांच्या गटाचं टर्मिनलही ठप्प झालं. सोंग खंडणीचं, पण चालणारी किल्ली नव्हतीच. कर्मचाऱ्यांची ओळख सांभाळणारे दीडशेच्या आसपास सर्व्हर एकमेकांच्या प्रती ठेवत, म्हणून वेगळी प्रत काढायचं कुणाला सुचलंच नाही. सगळे एकदम पुसले गेले. शोधता शोधता एक सापडला, घानात. तो का वाचला? तिथली वीज गेली होती! हल्ल्याच्या वेळी नेटवर्कपासून तुटलेला. (लोडशेडिंगचं कौतुक एवढ्यापुरतंच.) दुरुस्तीचं काम चाललेलं इंग्लंडात. घानातलं इंटरनेट संथ, तिथल्या माणसांकडे ब्रिटनचा व्हिसा नाही. मग नायजेरियाच्या विमानतळावर हार्ड डिस्क या हातातून त्या हातात गेली आणि इंग्लंडला पोचली. दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्यानं उभे केले.

तुम्ही वीज जायची वाट बघू नका. दोन एक्स्टर्नल डिस्क घ्या, आलटून पालटून वापरा. संध्याकाळी टॅली बंद करा, बॅकअप घ्या, इजेक्ट करा, केबल काढा, डिस्क कपाटात. पुन्हा सांगतो, केबल काढा. लावून ठेवलेल्या डिस्कलाही तेच कुलूप बसतं. गूगल ड्राइव्हवर सिंक आहे म्हणून निर्धास्त राहू नका, कुलूपबंद फाईलच वर जाते. महिन्यातून एकदा बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. न उघडणारा बॅकअप ऐन वेळीच कळतो. रोजमेळाची लाल वही बंद केली ते चुकलंच, असं आमचं मत. असो.

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यावर जीएसटी भरत बसू नका. क्रॅक सॉफ्टवेअर नकोच. बिलाच्या नावापुढे पीडीएफ आणि त्याच्याही पुढे ईएक्सई दिसलं, तर क्लिक करू नका.

कुलूप बसलंच तर लॅनची केबल उपटा, वायफाय बंद करा. फॉरमॅटची घाई नको. ती डिस्क जपून ठेवा, रॅन्समवेअरच्या काही प्रकारांच्या किल्ल्या पुढे फुकट मिळतात. आणि १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनला फोन लावा.