थकवा दुसऱ्या दिवशी येतो

(दृश्य : प्राथमिक आरोग्य केंद्र, सकाळची ओपीडी.)

डेंग्यू उतरून तीन महिने झाले. प्लेटलेट कधीच सावरल्या. तरी केसपेपरवर तक्रार तीच, अशक्तपणा. मागणीही ठरलेली : एक सलाईन लावा.

सलाईनच्या बाटलीत पाणी आणि मीठ, फार तर साखर. तीन महिन्यांच्या थकव्यावर त्याचा उपयोग नाही. बाटलीत मिसळलेल्या बी-कॉम्प्लेक्सने लघवी तेवढी पिवळी होते.

त्याऐवजी विचारावं : जास्त काम झालं, तर दुसऱ्या दिवशी कसं वाटतं? साधी दमणूक रात्रीच्या झोपेने जाते. संसर्गानंतरच्या या थकव्यात सोमवारी धुणं उरकलं, की मंगळवारी-बुधवारी अंग मोडून पडतं, डोकं चालत नाही. सावरायला कधी आठवडा लागतो. दवाखान्यात माणूस येतो तो मात्र बऱ्या दिवशी, आपल्या पायांनी चालत. निदान हुकतं ते तिथे.

आधी इतर कारणं तपासायची : हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइड), साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंड), बी-१२, ईएसआर (शरीरातला दाह), लघवी. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, घटतं वजन असेल, तर पहिल्यांदा क्षयासाठी थुंकीची तपासणी.

रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून 'मनाचं आहे' म्हणू नये. ऑस्ट्रेलियातल्या डबो परिसरात वेगवेगळ्या संसर्गांच्या २५३ रुग्णांवर लक्ष ठेवलं गेलं. २००६ साली निष्कर्ष आले : सहा महिन्यांनीही सुमारे १२ टक्के रुग्ण थकलेलेच होते, आणि त्याचा संबंध मूळ आजाराच्या तीव्रतेशी होता, आधीच्या मानसिक आजाराशी नाही.

(दृश्य : भिंतीला टेकून उभा रुग्ण, दंडावर बीपीचा पट्टा.)

उभं राहिल्यावर चक्कर, धडधड होते? रुग्णाला दहा मिनिटं आडवं ठेवून नाडी, बीपी घ्या. मग पाठ भिंतीला, टाचा जवळपास वीतभर पुढे, दहा मिनिटं उभं. दर मिनिटाला नोंद. प्रौढाची नाडी ३० किंवा जास्त ठोक्यांनी वाढून तशीच राहिली आणि बीपी पडलं नाही, तर पॉट्सचा, म्हणजे उभं राहिल्यावर नाडी फार वाढण्याच्या विकाराचा, संशय घ्यावा. रुग्ण पाय हलवत राहिला, तर पोटऱ्या रक्त वर ढकलतात, नाडी वाढत नाही आणि चाचणी फसवते. शेजारी कुणीतरी उभं हवंच. भोवळ आली, की थांबायचं.

आता उपचार. दोन आठवडे वही ठेवायची : काय केलं, किती वेळ, दुसऱ्या दिवशी काय झालं. त्रास न होता जेवढं जमतं, तेवढंच बऱ्या दिवशीही करायचं. चुकतं ते इथेच. बरं वाटलं, की साचलेली सगळी कामं काढली जातात. ओट्याशी स्टूल, आंघोळ बसून, आंघोळ आणि धुणं वेगवेगळ्या वेळी. विश्रांती दमण्याआधी.

'रोज थोडं वाढवत चाला' हा सल्ला प्रेमाने दिला जातो, पण थकवा असा उलटत असेल तर तो घातक. एमई/सीएफएस या, श्रमांनंतर असाच उलटणाऱ्या दीर्घ थकव्याच्या आजारात ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवत नेऊ नये, असं उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने ऑक्टोबर २०२१ मध्ये स्पष्ट केलं.

पॉट्स असेल तर दिवसाला दोन ते तीन लिटर पाणी. जादा मीठ रक्तदाब, हृदय आणि मूत्रपिंड ठीक असतील तरच.

राहिलं सर्टिफिकेट. नुसतं 'अशक्तपणा' लिहिलं, तर फार तर दोन दिवसांची रजा मिळते. किती तास काम जमेल, बसून की उभ्याने, मधे किती विश्रांती, हे त्यावर लिहावं.