तिसऱ्या महिन्यातला लाल व्रण

नमस्कार श्रोतेहो.

स्तनांचा आकार कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर बायका तपासणीला येतात, तेव्हा पाठ आता दुखत नाही, खांद्यांवर ब्राच्या पट्ट्यांचे वळ उठत नाहीत, हे अगदी आनंदानं सांगतात. मग आवाज खाली आणून विचारतात, "डॉक्टर, हे व्रण जातील ना?" खरं ते आधीच सांगून टाकते. पूर्ण जाणार नाहीत. फिके होतील, सपाट होतील, ब्राच्या आत झाकलेही जातील. पण कातडीला छेद दिला की खूण राहतेच.

बहुतेक वेळा छेद जहाजाच्या नांगराच्या आकाराचा असतो. स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या कडेनं एक, तिथून सरळ खाली दुसरा आणि स्तनाखालच्या घडीत आडवा तिसरा. उभी आणि आडवी रेघ जिथे मिळतात तो कोपरा मोठा हट्टी. तिथे ताण जास्त आणि रक्तपुरवठा कमी, त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांत जखम तिथेच थोडी उघडू शकते. बहुधा नुसत्या ड्रेसिंगवर ती भरून येते, पण डॉक्टरांना दाखवायला हवी. पू, दुर्गंधी, ताप किंवा वाढत जाणारी लाली दिसली तर त्याच दिवशी.

खरी घबराट होते ती दीड-दोन महिन्यांनंतर. टाके केव्हाच विरघळलेले असतात, दुखणं थांबलेलं असतं, आणि व्रण मात्र आधीपेक्षा लाल, जाड, खाजरा झालेला! काहीतरी बिघडलं असं वाटतं. बिघडलेलं काही नसतं. जखम सांधायला शरीर घाईघाईनं कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे कसेही टाकत सुटतं, नव्या रक्तवाहिन्या आणतं. नंतर सवडीनं जादा धागे काढून उरलेले नीट लावतं. या सवडीला वर्ष-दीड वर्ष लागतं. म्हणून तिसऱ्या महिन्यातला व्रण बघून शस्त्रक्रियेचा निकाल लावू नका. सावळ्या त्वचेवर ही रेघ तपकिरी-काळपट दिसते आणि तो रंग उतरायला आणखी वेळ लागतो.

आता उपाय. सगळ्यात भरवशाचा म्हणजे सिलिकॉन, पट्टी किंवा जेल. जखम पूर्ण मिटली, खपल्या पडल्या की सुरू करायचं. साधारण दोन-तीन आठवड्यांनी, पण डॉक्टरांनी होकार दिल्यावरच. पट्टी रोज किमान बारा तास, निदान तीन महिने. ती व्रणापेक्षा थोडी रुंद कापा, रोज सौम्य साबणानं धुऊन हवेवर वाळवा आणि पुन्हा लावा. एकच पट्टी बरेच दिवस चालते. घडीत मात्र घामानं ती सुटते, वळते, खाली पुरळ उठतं. तिथे जेल बरं. जेलचा पातळ थर पुरे. वाळल्यावरही कपडा चिकटत असेल तर तुम्ही जास्त लावलंय. पट्टी परवडत नसेल तर साधी कागदी चिकटपट्टीसुद्धा व्रणावरचा ताण कमी करते.

मालिशही त्याच सुमारास. बोटाच्या पेरानं, कातडी क्षणभर पांढुरकी पडेल इतकाच दाब देऊन गोल फिरवायचं, दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटं. व्हिटॅमिन ई तेलाची कीर्ती फार आहे, पुरावा मात्र नाही. उलट बऱ्याच जणींना त्याची ॲलर्जी येते. ते पैसे सनस्क्रीनवर घाला. गळ्याच्या बाजूनं व्रण उघडा पडणार असेल तर किमान एसपीएफ ३० हवं, कारण उन्हानं नवा व्रण काळवंडतो.

पहिले सहा आठवडे तारेची ब्रा नको, जड उचलणं नको. तीन आठवड्यांच्या जखमेत मूळ कातडीच्या जेमतेम एक पंचमांश ताकद असते. तंबाखू आणि सिगारेट शस्त्रक्रियेच्या निदान महिनाभर आधीपासून बंद. निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आवळतं आणि तो हट्टी कोपरा उघडतो. याला आमच्याकडे सवलत नाही.

काही व्रण हे सगळं करूनही ऐकत नाहीत. फुगलेला पण मूळ रेघेच्या आतच राहणारा व्रण काळाबरोबर बसू शकतो. केलॉइड मात्र रेघ ओलांडून शेजारच्या चांगल्या कातडीवर पसरतो. घरात कुणाला केलॉइड असेल, किंवा कान टोचल्यावर तुमच्या कानाच्या पाळीला गाठ आली असेल, तर हे शस्त्रक्रियेआधीच सांगा. फुगलेला व्रण आणि केलॉइड, दोन्हींवर व्रणातच स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात, चार ते सहा आठवड्यांच्या अंतरानं. त्यांनी कातडी पातळ किंवा फिकी पडू शकते. लालसरपणासाठी लेसर आहे. केलॉइड नुसता कापून काढला तर बहुधा परत येतो, कधी आधीपेक्षा मोठा.

काखेकडे, घडीच्या टोकाला, कधी कातडीचा छोटा उंचवटा राहतो आणि बायकांना तोच जास्त खुपतो. तो भाग बधिर करून काढता येतो, पण पहिल्या वर्षभरात आम्ही सहसा त्याला हात लावत नाही. तेवढ्यात बरेच उंचवटे आपणहून बसतात.

नमस्कार.