गाडी कमी चालली म्हणजे इंजिन स्वच्छ, असं नसतं

मागच्यांना ऐकू येतंय ना? माईक राहू दे, चालू इंजिनच्या वरून बोलायची सवय आहे मला.

एका गाडीपासून सुरू करतो. सात वर्षं जुनी, रनिंग फक्त २८ हजार. मालकांची तक्रार अशी की सकाळी स्टार्ट केली की वरून टकटक आवाज येतो, दोन मिनिटांनी बंद होतो, आणि मागच्या आठवड्यात वळणावर ऑइलचा लाल दिवा एकदा लुकलुकला. मी विचारलं ऑइल कधी बदललंय, तर म्हणाले अहो गाडी चाललीच कुठे, पुस्तकात दहा हजार लिहिलंय त्या हिशोबाने दोनदा बदललंय की. बरं. टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण, खोललं तर कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, दिसेचना. सगळ्यावर काळा थर, स्क्रूड्रायव्हरने खरवडला तर डांबरासारखा सोलून निघाला. आणि गंमत म्हणजे त्याच आठवड्यात शेजारच्या रॅम्पवर २ लाख १० हजार चाललेली एक गाडी होती, रोज लांबचा पल्ला मारणारी, तिचं कव्हर उघडलं तर आत धातूवर नुसती हलकी तपकिरी झाक, बाकी लख्ख.

म्हणजे मीटरवरचा आकडा आपल्याला फसवतो, आज मुख्यतः याच्याबद्दल बोलायचंय.

हा काळा थर म्हणजे ऑइलचा गाळ. तो येतो कुठून? ऑइल तर आपण स्वच्छ टाकतो, डबा सीलबंद असतो. तर बघा, एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. सकाळी सायलेन्सरच्या टोकाला थेंब गळताना दिसतात ते हेच पाणी. बहुतेक वाफ बाहेर जाते पण थोडी पिस्टन रिंगांच्या फटीतून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोटात, उतरते, आणि एकटी उतरत नाही, सोबत न जळलेलं इंधन, काजळी, नायट्रोजनचे ऑक्साइड सगळी वरात घेऊन येते. याला ब्लो-बाय म्हणतात, नव्या कोऱ्या इंजिनातही तो थोडा असतोच. इंजिन चांगलं तापलेलं असेल तर पाणी आणि इंधन परत वाफ होऊन ब्रीदरमधून, म्हणजे क्रँककेसची वाफ बाहेर काढणाऱ्या वाटेने, निघतं आणि इनटेकमधून परत सिलिंडरमध्ये जातं. पण इंजिन गारच असेल तर? मग ते तिथेच थंड होऊन ऑइलमध्ये मिसळतं, आम्ल तयार होतं, काजळीचे कण एकमेकांना चिकटतात, आणि सुरुवात झाली.

आता इथे एक गोष्ट बरेच जण चुकतात. डॅशबोर्डवरचा टेंपरेचरचा काटा मध्यावर आला म्हणजे इंजिन तापलं असं आपण समजतो. तो काटा कूलंटचा, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचा आहे हो. ऑइल त्याच्या बरंच मागे रेंगाळत असतं, कूलंट पाच-सात मिनिटांत गरम झालं तरी ऑइलला त्याच्या दुप्पट वेळ सहज लागतो, आणि पाणी नीट उडून जायला ऑइल ९०-१०० डिग्रीच्या आसपास जाऊन थोडा वेळ तिथे राहायला हवं. त्या २८ हजारवाल्या गाडीचा रोजचा प्रवास किती? तीन किलोमीटर जायचं, तीन यायचं. सात वर्षं त्या ऑइलने नीट उष्णता बघितलीच नाही.

दुसरा रस्ता उलटा आहे, जास्त उष्णतेचा. ऑइलचं ऑक्सिडेशन साधारण दर १० डिग्रीला दुप्पट वेगाने होतं, हा ढोबळ नियम आहे पण कामाचा आहे. त्यात टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा, असेल तर बघायलाच नको, त्याचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, आणि घाट चढून आल्या आल्या चावी फिरवून बंद केली की तिथलं ऑइल जागच्या जागी भाजून कोळसा होतं. म्हणून जोरात चालवून आल्यावर मिनिटभर आयडलवर ठेवा म्हणतात, ते उगाच नाही.

मग ऑइल यात काय करतं? कपडे धुवायची बादली डोळ्यासमोर आणा. ऑइलमध्ये डिटर्जंट असतं, ते आम्ल मारतं आणि धातूवरचा चिकटा सोडवतं, आणि डिस्पर्संट असतं, ते काजळीच्या एकेका कणाला वेगळं धरून तरंगत ठेवतं म्हणजे गोळा होऊन खाली बसू देत नाही. लोक येतात आणि म्हणतात परवा ऑइल बदललं आणि आज काळं, फसवलं आम्हाला. अहो बादलीतलं पाणी काळं झालं म्हणजे मळ निघाला ना! डिझेल इंजिनात तर ते थोड्याशा रनिंगमध्येच काळं होतं. काळं होण्याची काळजी नाही, काळजी पुढची, की तीच बादली तुम्ही किती दिवस वापरता. डिटर्जंट संपलं, डिस्पर्संटचे हात भरले, की मग नवी येणारी घाण धरायला कोणी नाही, ती जागा मिळेल तिथे बसते. आधी पातळ वार्निशसारखा थर, मग त्यावर थर.

बसते कुठे? वर टॅपेट कव्हरखाली, हेडमधून ऑइल खाली परत येतं त्या भोकांत, व्हॉल्व्ह टायमिंगच्या सोलेनॉइडच्या बारीक जाळीत, आणि सगळ्यात वाईट म्हणजे खाली चेंबरमध्ये, म्हणजे ऑइल साठतं त्या भांड्यात, ऑइल पंपाच्या तोंडाशी जी जाळी असते तिच्यावर. या जाळीबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण इंजिनं मरतात ती इथे. फिल्टर पंपाच्या पुढे असतो, जाळी पंपाच्या मागे. फिल्टर तुंबला तर त्यात बायपास व्हॉल्व्ह असतो, न गाळलेलं का होईना पण ऑइल पुढे जातं. जाळी तुंबली की पंपाला खेचायलाच काही मिळत नाही, चेंबरमध्ये ऑइल काठोकाठ आणि बेअरिंगा कोरड्या. डिपस्टिक बघितली तर लेव्हल बरोबर! म्हणून लोक निर्धास्त राहतात. तो लाल दिवा लेव्हलचा नाहीये, प्रेशरचा आहे, आणि तो लागतो तेव्हा प्रेशर अगदी तळाला गेलेलं असतं. दिसला की गाडी बाजूला घ्या आणि बंद करा, "घर दोनच किलोमीटर आहे" हे वाक्य मी इंजिन बांधायला आलेल्या किती लोकांकडून ऐकलंय.

अजून एक चक्र असतं. पिस्टनच्या ऑइल रिंगमागे बारीक भोकं असतात, ती गाळाने बुजली की रिंग ऑइल खरवडून खाली पाठवू शकत नाही, ते वर जळायला लागतं, लेव्हल उतरते, उरलेल्या कमी ऑइलवर सगळा भार येतो, ते जास्त तापतं आणि अजून गाळ करतं.

(इथे एकांनी विचारलं की सिंथेटिक टाकलं तर हा त्रास संपला ना.)

कमी होतो, संपत नाही. सिंथेटिक उष्णतेला भारी असतं, ऑक्सिडेशन उशिरा होतं, पण पाणी आणि इंधन त्यात तेवढंच उतरतं, आणि बादलीला तळ आहेच. ऑइल पास करताना गाळाची एक चाचणी असते, इंजिन २१६ तास चालवतात आणि मुद्दाम सतत फुल गरम ठेवत नाहीत, शहरात टॅक्सी किंवा डिलिव्हरीची गाडी थांबत थांबत चालते तशी नक्कल करतात, मग खोलून गाळाला मार्क देतात, १० म्हणजे एकदम स्वच्छ. चाचणी करणाऱ्यांनाही माहितीये बघा की शत्रू हायवे नाहीये. डब्यावर एपीआय एसपी लिहिलेलं असतं ना, ती ऑइलच्या दर्जाची खूण, २०२० पासूनची, जुन्या एसएल-एसएम दर्जांपेक्षा या बाबतीत कडक. पण आधी तुमच्या गाडीच्या पुस्तकात कुठला ग्रेड आणि स्पेक आहे ते बघा, मग ब्रँडवरून भांडा.

आणि इंजिनाच्या रचनेचाही हात असतो, सगळं मालकावर ढकलू नका. टोयोटाच्या १९९७ ते २००२ मधल्या काही चार आणि सहा सिलिंडर इंजिनांत गाळाच्या तक्रारी इतक्या आल्या की २००२ मध्ये कंपनीने सुमारे ३३ लाख गाड्यांसाठी पहिल्या खरेदीपासून ८ वर्षांचं दुरुस्तीचं कवच दिलं. कंपनी म्हणत होती तुम्ही ऑइल बदललं नाही, मालक म्हणत होते बदललं, ही बघा बिलं. त्यामुळे ऑइलचं बिल आणि मीटरचा आकडा जपून ठेवा बाबांनो.

आता किती दिवसांनी बदलायचं. पुस्तकात दोन तक्ते असतात, आपण पहिलाच वाचतो. दुसरा "सिव्हिअर" वापराचा असतो, छोट्या फेऱ्या, धूळ, ट्रॅफिकमध्ये तासन्‌तास आयडल, ओझं ओढणं, म्हणजे खरं तर आपल्यातल्या बहुतेकांचाच, आणि तिथे अंतर बऱ्याचदा अर्ध्यावर येतं. आणि प्रत्येक तक्त्यात "किंवा इतके महिने, जे आधी येईल ते" असतं, ते वाक्य कोणी वाचत नाही. गाडी कमी चालते? मग तुमच्यासाठी किलोमीटर विसरा, कॅलेंडर बघा. मी स्वतः छोट्या फेऱ्यांच्या गाडीला सहा महिने धरतो, जरा जास्त सावध असेल पण इंजिन बांधण्यापेक्षा ऑइल परवडतं. आयडलिंगचा तास साधारण ४०-५० किलोमीटरइतका धरा, मीटर हलत नाही पण ऑइल खर्ची पडतंच.

ऑइल वेळेवर बदलूनही गाळ होत असेल तर दोन ठिकाणी बघा. एक थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटची वाट उघडझाप करणारा व्हॉल्व्ह, तो उघडा अडकला तर इंजिन कधी पुरतं तापतच नाही, ड्रायव्हरला वाटतं वा काटा किती खाली राहतो. दुसरं पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे ब्रीदर. आयडलवर ऑइलचं झाकण काढून भोकावर कागद धरा, बहुतेक गाड्यांत तो हलका ओढला जातो, उलट फडफडत उडत असेल तर ब्रीदर तुंबलाय नाहीतर रिंगा गेल्यात. झाकणाखाली पांढरट पिवळा फेस दिसला की लोक घाबरतात हेड गॅसकेट, म्हणजे कूलंट आणि ऑइल वेगळं ठेवणारं पॅकिंग, गेलं म्हणून. थंडीत छोट्या फेऱ्यांनी तो नुसत्या दमटपणानेही येतो. कूलंटची लेव्हल पण उतरत असेल तर मात्र गाडी हलवू नका.

साफ कसं करायचं? डिझेल किंवा रॉकेल टाकून इंजिन फिरवणारे आहेत अजून, माझ्यासमोर नका करू. त्याला पकड नाही, बेअरिंगवर धातूला धातू घासतो, आणि कोपऱ्यात उरतं ते नव्या ऑइलला पातळ करतं. फ्लशची बाटली थोड्या वार्निशला ठीक आहे, जुन्या ऑइलमध्ये टाकायची, बाटलीवर लिहिलंय तेवढाच वेळ आयडलवर ठेवायचं, गाडी चालवायची नाही, रेस द्यायची नाही, लगेच ड्रेन आणि नवा फिल्टर. पण जिथे थर जाड आहे तिथे ती धोक्याची, कारण तुकडे सुटतात आणि सुटून जाणार कुठे? त्या जाळीवर. जाड थराला उपाय कंटाळवाणा आहे: टॅपेट कव्हर आणि चेंबर उतरवायचं, हाताने पुसायचं, जाळी धुवायची, नवं पॅकिंग लावायचं, मग चांगलं डिटर्जंट असलेलं ऑइल भरून हजार-दीड हजार किलोमीटरला बदलायचं, प्रत्येक वेळी फिल्टरसकट, तीन-चार वेळा. आणि ड्रेन करताना इंजिन गरम हवं, गार ऑइलबरोबर घाण खाली येत नाही. जुन्या फिल्टरचं रबर ब्लॉकला चिकटून राहिलंय का तेवढं बघा, त्यावर दुसरं बसलं की सगळं ऑइल रस्त्यावर.

त्या २८ हजारवाल्या गाडीला आम्ही हेच केलं. जाळी निम्म्याच्या वर बंद होती. पहिलं ऑइल ८०० किलोमीटरला काढलं ते काळं कुट्ट, तिसरं जरा बरं, चौथ्याला झाकणाखालचा धातू दिसायला लागला. मालक आता आठवड्यातून एकदा तिला तासभर मोकळ्या रस्त्याला नेतात. दिवा परत लागलेला नाही, पण सकाळी स्टार्ट केली की टॅपेट अजून दोन सेकंद वाजतात, कॅमवर जे घासलं गेलं ते ऑइलने भरून येत नाही.