साडेआठचा आकडा कोण सांभाळतं?

हा जो पांढरा धूर उठताना दिसतोय ना, ते हायड्रोक्लोरिक ॲसिड आहे. तळोजा एमआयडीसीतलं हे गॅल्व्हनायझिंगचं युनिट, इथे लोखंडी अँगलवर जस्त चढवायच्या आधी गंज काढायला सगळा माल ॲसिडच्या टाकीत बुडवतात, त्याला पिकलिंग म्हणतात. क्रेनने ओला माल वर उचलला की धूर अजूनच वाढतो, आणि टाकीच्या कडेचे हूड तो ओढून स्क्रबरकडे पाठवतात.

स्क्रबर म्हणजे हा उंच टॉवर. आत प्लास्टिकच्या रिंगा भरलेल्या, खालून धूर चढतो, वरून कॉस्टिकचं (म्हणजे कॉस्टिक सोड्याचं) पाणी पडतं, ॲसिड पाण्यात उतरतं आणि कॉस्टिकशी मिळून त्याचं मीठ होतं. तेच पाणी पंप पुन्हा पुन्हा वर फिरवतो, म्हणून पीएच, म्हणजे पाणी किती ॲसिडिक आहे ते सांगणारा आकडा, सतत खाली येत राहतो, आणि तो एकने घसरला म्हणजे पाणी दहापट जास्त ॲसिडिक झालं. इथे साडेआठच्या आसपास ठेवतात. बरं, मग कॉस्टिक भरपूर ओतून मोकळं का होत नाहीत? कारण पीएच दहाच्या वर गेला की ते पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइडही ओढायला लागतं, कॉस्टिक फुकट जातं आणि पाणी जड असेल तर रिंगांवर चुन्याचा थर बसतो.

कॉस्टिक सोडणारा डोसिंग पंप चालू कधी व्हायचं, बंद कधी, हे सांगतो पीएच मोजणारा हा काचेचा प्रोब. टोकाचा फुगा बघा, त्यावर तांबूस थर आलाय. असा प्रोब उशिरा रीडिंग देतो, तोवर पंप कॉस्टिक सोडतच राहतो आणि आकडा भलताच वर जातो. ऑपरेटर तो पातळ ॲसिडमध्ये धुतात, मग चारच्या बफरमध्ये, म्हणजे पीएच पक्का ठाऊक असलेल्या पाण्यात बुडवून तपासतात, मग सातच्या. काच तडकलेली असेल तर प्रोब दोन्हीकडे सातच्याच आसपास दाखवतो, म्हणून एका बफरवर कधीच भागवायचं नाही. स्क्रीनवरचा आकडा तासन् तास जराही हलला नाही तर हे लोक निवांत बसत नाहीत, उलट आधी प्रोब बाहेर काढतात. खरं सांगायचं तर एवढ्या मोठ्या टॉवरची भिस्त या दहा मिनिटांच्या कामावर आहे, आणि बहुतेक ठिकाणी नेमकं तेच टाळलं जातं.

मग वास बाहेर येतो, पत्रे गंजतात, कामगारांचा घसा धरतो.

इथे स्टोअरमध्ये एक जादा प्रोब कायम तयार असतो, टोक पोटॅशियम क्लोराइडच्या पाण्यात बुडवलेलं, कारण कोरडा पडलेला प्रोब ऐनवेळी लावून उपयोग नाही.