पंचवडीचा पूल

(दृश्य: केरळमधली संथ नदी. पाण्यात माडांची हलती प्रतिबिंबं. लांबून माणसांची कुजबुज. निवेदन सुरू.)

गावात एक पूल आहे. जुना, पण धडधाकट. रोज माणसं त्यावरून येतात-जातात, वाहनं जातात, पावसाळे येतात नि सरतात. पुलाबद्दल कुणाची काही तक्रार नाही.

आणि तरीही एके दिवशी गावचा पंचायत अध्यक्ष ठरवतो की हा पूल पाडायचा. आपल्या कारकिर्दीची आठवण म्हणून मागे काहीतरी उभं राहायला हवं, हे त्याच्या कानाशी लागलेल्या एका माणसाने त्याच्या डोक्यात भरवलेलं असतं. पुतळा नाही, शाळा नाही, पूलच. आणि नवा पूल हवा, तर आधी जुना जायला हवा.

ही गोष्ट 1984 सालच्या ‘पंचवडी पालम’ या मल्याळम सिनेमाची. ‘पालम’ म्हणजे पूल. ‘पंचवडी’ म्हणजे आपली पंचवटीच. मराठी माणसाला पंचवटी म्हटलं की नाशिक आठवतं, गोदाकाठ आठवतो, रामकुंड आठवतं. मल्याळी माणसाला हे दोन शब्द जोडून ऐकले की पहिल्यांदा आठवतो तो भ्रष्टाचार. केरळमध्ये कुठे नव्या बांधकामाला तडे गेले, कुठे रस्ता खचला, की वर्तमानपत्राच्या मथळ्यात हे नाव हमखास येतं. सिनेमाचं नाव होतं, त्याचा वाक्प्रचार झाला.

(दृश्य: पुणे. लॉ कॉलेज रस्ता, फिल्म इन्स्टिट्यूटचं प्रवेशद्वार, आतली जुनी झाडं.)

हा सिनेमा करणारा माणूस शिकला आपल्या पुण्यात. प्रभात स्टुडिओच्या जागेत 1960 साली फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. त्याच आवारात, साठचं दशक संपता संपता, केरळमधल्या तिरुवल्ल्याचा एक तरुण दिग्दर्शन शिकायला आला. त्याचं नाव के. जी. जॉर्ज. पुढे या सिनेमाचा कॅमेरा ज्यांनी सांभाळला ते शाजी करुणही इथलेच विद्यार्थी. ज्या आवारात दामले-फत्तेलालांनी संत तुकाराम घडवला, तिथून ही माणसं सिनेमाची भाषा शिकून गेली, याचा मला पुणेकर म्हणून फार आनंद वाटतो.

जॉर्ज एका ठशाचा सिनेमा करणारे नव्हतेच. 1982 मध्ये त्यांनी ‘यवनिका’ केला. एका फिरत्या नाटक कंपनीतला तबलजी नाहीसा होतो आणि त्याच्या शोधात सगळी कंपनी उघडी पडत जाते. 1985 मध्ये ‘इरकळ’ केला, एका श्रीमंत घरातल्या हिंसेची गोष्ट. हे दोन्ही गडद सिनेमे आहेत, आणि या दोघांच्या मधोमध हा मोकळाढाकळा, मोठ्याने हसवणारा ‘पंचवडी पालम’.

मूळ कथा वेळूर कृष्णनकुट्टी यांची. विनोदी लेखक म्हणून केरळच्या घराघरांत त्यांचं नाव. आणि संवाद लिहिले येसुदासन यांनी. हे गायक येसुदास नव्हेत. हे व्यंगचित्रकार. व्यंगचित्रकाराचा हात कुठे लागला आहे, ते पात्रांच्या नावांपासूनच दिसतं.

(दृश्य: पंचायत कार्यालयासारखी एक कौलारू इमारत. पायऱ्यांवर चपलांचे जोड.)

पंचायतीचं नाव ऐरावतकुळी. ‘कुळी’ म्हणजे खड्डा. इंद्राचा पांढरा हत्ती आणि तो पडावा असा खड्डा, दोन्ही एकाच नावात. पांढरा हत्ती पोसणं म्हणजे काय, ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

पंचायत अध्यक्षाचं नाव दुश्शासन कुरुप. त्याच्या बायकोचं नाव मंदोदरी. कानाशी लागलेला तो माणूस, शिखंडी पिल्लै. एकाने भर सभेत वस्त्राला हात घातला, दुसरी रावणाच्या घरात राहिली, तिसऱ्याच्या आडून बाण सुटले. आपल्याकडे लहान मूलही ही नावं ओळखतं, त्यामुळे माणूस तोंड उघडण्याआधीच त्याची जातकुळी कळते. आणि गंमत अशी की सिनेमात ही नावं ऐकून कुणी दचकत नाही. गाव या नावांसोबत सुखाने नांदतं.

दुश्शासन कुरुप झालेत भरत गोपी. ‘कोडियेट्टम’ या सिनेमासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हापासून गोपींच्या नावाआधी ‘भरत’ लागलं. ‘कोडियेट्टम’मध्ये ते गावातला भाबडा, मोठं मूल वाटावा असा माणूस झाले होते. तेच गोपी इथे खुर्चीत बसतात. मला त्यांच्या कामात सगळ्यात भावतं ते हे, की हा कुरुप दुष्ट वाटत नाही. त्याला खरोखरच वाटतं की गावाचं भलं आणि आपलं नाव या एकाच गोष्टी आहेत. मंदोदरी झाल्या आहेत श्रीविद्या, शिखंडी पिल्लै नेडुमुडी वेणू, आणि विरोधी बाजूचा पुढारी इसाक तरकन झालेत तिलकन.

या तरकनजवळ थोडं थांबायला हवं, कारण सिनेमाचं मर्म तिथे आहे.

आपण धरून चालतो की सत्ताधारी खाणार आणि विरोधक ओरडणार. तरकनही सुरुवातीला ओरडतो. मोर्चे, घोषणा, भाषणं, सगळं रीतसर होतं. पण कान देऊन ऐकलं तर लक्षात येतं की वाद हळूहळू सरकतो आहे. चांगला पूल पाडायचाच कशाला, हा प्रश्न मागे पडतो. पूल कुठे होणार, ठेका कुणाचा, कुणाच्या पदरात काय पडणार, यावर सगळं येऊन ठेपतं. आणि मग तडजोड होते. दोन्ही बाजूंना आपापला वाटा मिळतो. ज्या क्षणी ही वाटणी होते, त्या क्षणी त्या गावात ‘नको’ म्हणणारं कुणी उरत नाही. पूल खरा तेव्हाच पडतो. दगड नंतर पडतात.

ज्यांनी गावपातळीवरची कामं जवळून पाहिली आहेत, त्यांना हे कळेल. टक्केवारी ठरते ती निविदा निघण्याआधी. मग सिमेंट कमी पडतं, लोखंड बारीक येतं, आणि मोजमाप घेणाऱ्याने कुठे बघायचं नाही, तेही ठरलेलं असतं.

(दृश्य: जुन्या फरशीवरून जाणाऱ्या चाकांचा आवाज. फक्त आवाज.)

या सगळ्या गलबल्यात एक माणूस जमिनीलगत फिरत असतो. त्याचं नाव कातवरायन. त्याला चालता येत नाही. चाकं लावलेल्या एका फळीवर तो सरकत जातो. ही भूमिका केली आहे श्रीनिवासन यांनी, जे पुढे स्वतः मल्याळममधले मोठे पटकथाकार म्हणून ओळखले गेले.

सिनेमातली बाकी सगळी माणसं मंचावर चढतात, खुर्चीवर बसतात, हारांनी वाकतात. कातवरायनच्या वाट्याला येतात ती त्यांची पावलं. त्याला कुणी वाटा देत नाही, कुणी मत विचारत नाही. कुठल्याच बैठकीत त्याचा विषय नसतो.

उद्घाटनाच्या दिवशी नवा पूल कोसळतो. नेते, ठेकेदार, पाहुणे पाण्यात पडतात आणि जीव वाचवून काठाला लागतात. मरतो एकटा कातवरायन.

दीड-दोन तास हसवलेल्या प्रेक्षकाला जॉर्ज इथे आणून सोडतात. मी हा शेवट पुन्हा पुन्हा पाहिला आहे, आणि दर वेळी आधीच्या हशाबद्दल घशात काहीतरी अडकतं.

(दृश्य: ग्रामसभा. जमिनीवर बसलेली माणसं, बायका जास्त.)

सिनेमा आला तेव्हा केरळमध्ये पंचायतीच्या निवडणुका नेमाने होत नसत. 1963 नंतर थेट 1979, मग 1988. पुढे पंचायतींना घटनेत स्थान देणारी 73 वी घटनादुरुस्ती झाली आणि 1996 मध्ये केरळने लोकनियोजनाची मोहीम घेतली. राज्याच्या योजनेतला एक-तृतीयांशाहून अधिक पैसा स्थानिक संस्थांच्या हाती द्यायचं ठरलं. छोट्या कामांसाठी ठेकेदाराऐवजी लाभार्थ्यांचीच समिती नेमायची, हिशेब गावासमोर मांडायचा, अशी पद्धत आणली. म्हणजे कुरुप आणि तरकन ज्या बंद खोलीत बसले, त्या खोलीचं दार उघडण्याचा प्रयत्न झाला. तो किती टिकला यावर केरळमध्ये आजही वाद होतात.

(दृश्य: कोच्ची. पालारिवट्टम इथला उड्डाणपूल, खालून वर पाहताना.)

आणि मग हा पूल. कोच्चीतला पालारिवट्टमचा उड्डाणपूल ऑक्टोबर 2016 मध्ये खुला झाला आणि मे 2019 मध्ये बंद करावा लागला. 102 पैकी 97 गर्डरना, म्हणजे पुलाचा भार पेलणाऱ्या तुळयांना, तडे सापडले. गुन्हा नोंदला गेला, काहींना अटक झाली. प्रकरण केरळ उच्च न्यायालयात गेलं, तेव्हा सुनावणीत खुद्द न्यायालयाला ‘पंचवडी पालम’ची आठवण झाली. सिनेमाला तोवर 35 वर्षं झाली होती.

पुलाचा वरचा भाग उतरवून नव्याने बांधायचं काम दिल्ली मेट्रो उभारणारे अभियंते ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली दिल्ली मेट्रो कॉर्पोरेशनने घेतलं. त्यासाठी पैसा वापरला तो कोच्चीतल्याच दुसऱ्या पुलांच्या कामातून वाचलेला. काम सुमारे पाच महिन्यांत उरकलं.

7 मार्च 2021, रविवार. विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागू होती. त्यामुळे मंडप पडला नाही, भाषणं झाली नाहीत. दुपारी अडथळे बाजूला केले, आणि गाड्या पुलावरून जाऊ लागल्या.

(दृश्य: पुलावरची नेहमीची वाहतूक. पडदा काळा होईपर्यंत आवाज चालू राहतो.)