झाडीपट्टीत डीप पर्पल

नमस्कार मंडळी. धानाच्या कापणीचे दिवस आहेत, दिवसभर वाकून कंबर बोलत असेल, तरी झोपायच्या आधी थोडा वेळ रेडिओवर माझं ऐका. आज बोलायचंय डीप पर्पल या इंग्लंडच्या रॉक बँडबद्दल. १९६८ मध्ये सुरू झालेला बँड, जुना, नावाजलेला. पण त्याहून जास्त मला हे सांगायचंय की तो आपल्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या वडसा-ब्रह्मपुरीकडच्या गावांत, लोकांना सापडला कसा, कारण ही गोष्ट मुंबई-पुण्यापेक्षा फार वेगळी आहे आणि ती कोणी सांगत नाही.

मला तो सापडला तेव्हा त्याला नावच नव्हतं. मामेभाऊ नागपूरला इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर राहायचा, दिवाळीला येताना त्यानं कोणाकडून तरी कॅसेट भरून आणली, कव्हर नाही, लेबलवर बॉलपेननं नुसतं 'इंग्लिश' लिहिलेलं. लाईट असली तर असली, नाहीतर टेप सेलवर चालायचा, आणि सेल उतरायला लागले की आवाज जाड आणि संथ व्हायचा, मग सेल काढून उन्हात ठेवायचे आणि दुपारून पुन्हा लावायचं. शब्द एक कळत नव्हता. तरी आम्ही पोट्टे ती कॅसेट सोडत नव्हतो, कारण त्यातल्या एका गाण्याची सुरुवात अशी होती की एकदा ऐकली की दिवसभर तोंडातून जात नाही.

आता खरी गोष्ट. भाऊबीज झाली की आपल्याकडे मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते आणि मंडईला नाटक असतंच. त्या साली नाटक मंडळाचा ऑर्गनवाला आमच्या घरी मुक्कामाला होता. संध्याकाळी चहा घेता घेता त्यानं आमचा टेप ऐकला आणि कप तसाच ठेवला. म्हणाला, "हा त ऑर्गन हाय गा! कोन वाजवून राहिला हा? मांगं घे, पुन्हा लाव." आम्ही तोपर्यंत सगळा आवाज गिटारचाच समजून ऐकत होतो, त्यानं दाखवून दिलं की बघ, इथं गिटार संपली, हा खालून येते तो ऑर्गन. कॅसेट मागं घेऊन घेऊन त्यानं ती ओळ कानात बसवली, रात्री स्टेजच्या बाजूला आपल्या ऑर्गनवर वाजवून पाहिली, आणि पुढच्या हंगामात खलनायकाच्या एन्ट्रीला तीच धून वाजायला लागली, खाली ऑक्टोपॅडचा, म्हणजे विजेवरच्या ढोलाचा, ठेका. गावोगावच्या हजारो माणसांनी रात्रभर थंडीत बसून डीप पर्पल ऐकलंय मंडळी, फक्त त्यांना कोणी नाव सांगितलं नाही.

त्या ऑर्गनवाल्याचा कान खरा होता. डीप पर्पलमध्ये जॉन लॉर्ड नावाचा माणूस हॅमंड ऑर्गन वाजवायचा. आपल्या पायपेटीत, म्हणजे नाटकातल्या ऑर्गनमध्ये, हवा सुरांवरून जाते आणि पितळी पट्टी थरथरते, हॅमंडमध्ये हवा नाहीच, धातूची दातेरी चाकं चुंबकासमोर फिरतात आणि त्यातून विजेचा सूर तयार होतो. जॉन लॉर्डनं पुढं जाऊन तो ऑर्गन गिटारवाल्यांच्या मार्शल ॲम्प्लिफायरला जोडला, म्हणून त्याचा आवाज असा फाटका, खरबरीत, अंगावर येणारा झाला आणि रिची ब्लॅकमोरच्या गिटारीसमोर तो बरोबरीनं उभा राहू शकला. १६ जुलै २०१२ ला जॉन लॉर्ड गेला. ज्या माणसानं आयुष्यात पेटी ऐकली आहे त्याला या बँडमध्ये शिरायला इंग्रजी लागत नाही, पेटीचा कान पुरतो, असं माझं पक्कं मत आहे.

नाव कळलं ते फार नंतर. नागपूरला सीताबर्डीवर एका कॅसेटच्या दुकानात मी ती धून गुणगुणून दाखवली, दुकानदारानं न बोलता मागच्या फळीवरून 'मशीन हेड' काढून समोर ठेवली. १९७२ चा अल्बम. ते गाणं म्हणजे 'स्मोक ऑन द वॉटर', आणि ते घडलेल्या गोष्टीवरचं आहे हे कळल्यावर मी जास्तच गुंतलो. डिसेंबर १९७१, स्वित्झर्लंडचं माँट्रो गाव, बँड तिथल्या कॅसिनोत रेकॉर्डिंग करायला आलेला. त्याआधी तिथं फ्रँक झप्पा या अमेरिकन संगीतकाराचा कार्यक्रम होता, प्रेक्षकातल्या कोणीतरी छताकडं फ्लेअर गन, म्हणजे उजेडाचा गोळा उडवायची बंदूक, झाडली आणि आख्खा कॅसिनो जळाला. तिथला जॅझ फेस्टिव्हल भरवणारा क्लोद नोब्स पोरांना बाहेर काढायला धावला, त्याचं नाव गाण्यात आहे. धूर जिनिव्हा सरोवरावर पसरला तो बँडच्या लोकांनी डोळ्यानं पाहिला, आणि शेवटी थंडीसाठी बंद असलेल्या एका हॉटेलात गाद्या-बिद्या लावून त्यांनी अल्बम पूर्ण केला. जे झालं ते जसंच्या तसं गायलं, बस.

बाकीच्यांच्या गोष्टी विचारल्या तर चंद्रपूर-बल्लारपूरकडं कोळसा खाणीच्या कॉलन्यांत सगळ्या देशातून आलेले लोक, तिथं शेजाऱ्याच्या खिडकीतून ऐकू आलं असं सांगणारे मला भेटलेत. आताच्या पोरांना मोबाईलवर मिळतं, गिटार घेतली की पहिल्या आठवड्यात यूट्यूबवर हीच धून शिकवतात. काही लोक त्याला नाक मुरडतात, मला ते पटत नाही, आम्ही नुसतं ऐकलं, हे पोट्टे बोटं कुठं पडतात ते बघून राहिले, चांगलंच आहे की.

ज्यांनी कधीच ऐकलं नाही त्यांनी मात्र 'स्मोक ऑन द वॉटर'पासून सुरू करू नका. आधी १९७० चं 'चाइल्ड इन टाइम' लावा, दहा मिनिटांचं आहे, सुरुवातीला एकटा ऑर्गन, मग बँडचा गायक इयन गिलन शब्द सोडून नुसता आवाज वर वर नेत जातो, आलाप ऐकणाऱ्याला तिथं काही समजावून सांगावं लागत नाही. त्यातली ऑर्गनची धून त्यांनी अमेरिकेतल्या एका बँडच्या गाण्यावरून घेतली, आणि त्या गाण्याचं नाव होतं 'बॉम्बे कॉलिंग'! मग 'लेझी' ऐका, ते पण ऑर्गनवरच सुरू होतं.

आणि एक काम करा. तुमच्या गावच्या नाटकात खलनायकाच्या एन्ट्रीला 'स्मोक ऑन द वॉटर'ची धून वाजल्याचं कोणाला आठवत असेल तर गाव, नाटक आणि ऑर्गनवाल्याचं नाव पत्रानं आमच्या रेडिओ केंद्राला कळवा, पुढच्या वेळी मी ती नावं इथं वाचून दाखवीन.