डांबर किती वेगानं विरघळतं?

(दृश्य: फ्यूम हूडच्या, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाच्या आत काचेचं चंचुपात्र)

टोल्युइन या नितळ द्रावकात डांबराची गोळी सोडली. ती थेट तळाला गेली. आता नीट बघा, तिच्याभोवती चहाच्या रंगाचं कडं साचतंय. डांबराची घनता १.०२ च्या आसपास, टोल्युइनची ०.८७. विरघळलेला भाग जड, म्हणून तो गोळीला बिलगून बसतो आणि ताजं टोल्युइन जवळ फिरकू देत नाही.

हीच गोळी तारेनं वर टांगली, तर? तपकिरी धागे सरसर खाली उतरतात आणि गोळी भराभर झिजू लागते. विद्यार्थी पात्राला हात लावायला जातो, तोच प्रयोगशाळेतल्या ताई दटावतात, "हलवू नकोस रे, आकडा बिघडेल!"

डांबर तेच, टोल्युइन तेच, तापमानही तेच. मग खरा वेग कोणता?

(दृश्य: वडोदरा, कोयली रिफायनरीकडे जाणारा रस्ता)

कोयलीची रिफायनरी १९६५ पासून सुरू आहे. रस्त्याचं डांबर तिथंही तयार होतं. भारतीय मानकानुसार रस्त्याच्या डांबराचा किमान ९९ टक्के भाग ट्रायक्लोरोइथिलीनमध्ये विरघळायला हवा. पण ही चाचणी 'किती' ते सांगते. 'किती वेळात' हे ती विचारतच नाही. शिवाय ट्रायक्लोरोइथिलीन कर्करोगकारक, त्यामुळे ते जितकं टाळता येईल तितकं बरं.

(दृश्य: फिरती चकती)

वेग मोजायचा तर आधी गोळीचा नादच सोडायचा. धातूच्या चकतीतल्या खोबणीत गरम डांबर ओतायचं, पृष्ठभाग सपाट करायचा, त्याचं क्षेत्रफळ मोजून ठेवायचं. मग ठरलेल्या तापमानाच्या टोल्युइनमध्ये चकती मोटारीनं फिरवायची. अधूनमधून पिपेटनं थेंबभर द्रावण काढून पातळ करायचं आणि ते प्रकाश किती शोषतं ते बघायचं. मिनिटाला दर चौरस सेंटिमीटरमागे किती मिलिग्रॅम डांबर गेलं, हा झाला वेग.

आता चकतीचे मिनिटाला होणारे फेरे चौपट करा. वेग साधारण दुप्पट झाला, तर अडसर चकतीलगतच्या द्रावकाच्या पातळ थराचा आहे, हे नक्की. म्हणून फेऱ्यांचा आकडा न देता नुसता वेग सांगणाऱ्यावर माझा तरी विश्वास नाही.

(दृश्य: हेप्टेनमधली चकती, जवळून)

हेप्टेन या दुसऱ्या द्रावकात मात्र वेगळाच प्रकार. डांबरातला तेलकट भाग निघून जातो, पण त्यातले जड, काळे घटक, म्हणजे ॲस्फाल्टीन, विरघळत नाहीत. त्यांची काळी खपली पृष्ठभागावर धरते, काही कण सुटून तळाशी बसतात. द्रावणाच्या रंगावरून हिशेब लावला, तर हे ॲस्फाल्टीन त्यात येतच नाहीत. इथं चकती बाहेर काढून, वाळवून, तिचं वजनच करावं लागतं.